एक जूनच्या पोरी

मार्च उजाडला की माझ्या खिडकीसमोरची रांग वाढते. बारावीचे पेपर अर्ध्यावर आलेले असतात, दहावीचे सुरू होत असतात, आणि पुढच्या प्रवेशाला दाखले लागणार म्हणून शहाणे आईबाप आतापासूनच अर्ज घेऊन उभे राहतात. कोणाला उत्पन्नाचा हवा, कोणाला रहिवासी. मी नाव टाइप करते, बापाचं नाव टाइप करते आणि मान वर न करता विचारते, "जन्मतारीख?" पलीकडून उत्तर येतं, "एक जून." त्याच्या मागच्याचीही एक जून. तिसरी बाई स्वतःची, नवऱ्याची आणि दिराची अशा तिघांची एक जून सांगते आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. जाफराबादच्या या कचेरीत मला दोन वर्षं झाली. बोटं आता माझी वाट बघत नाहीत, आपली आपण शून्य एक, शून्य सहा दाबतात.

परमुलखातल्या माणसाला वाटेल, आमच्याकडे जूनमध्ये बाळंतपणाची साथ येते. तसं काही नाही. शाळेत नाव घालायला नेलेल्या लेकराची तारीख आईला सांगता येत नाही. पोळ्याच्या आगेमागे, थोरल्या जावेच्या मुलीनंतर दीड वर्षानं, विहीर खचली त्या साली, असली उत्तरं येतात. गुरुजी तरी किती थांबणार? शाळा जूनमध्ये उघडते, सहा वर्षं पूर्ण पाहिजेत, लिहा एक जून. अशी सगळी लेकरं मोठी होऊन नोकरीला लागली. आमच्या कचेरीत त्या दिवशी एकच केक येतो आणि सात जण एका सुरीला हात लावून कापतात. आणि दरसाल एकतीस मेला गावोगावच्या कचेऱ्यांत एक जूनवाले घाऊक निवृत्त होतात. भाषण एकच असतं, फक्त नाव बदलतात. मीही कधीतरी त्या रांगेत बसणार आहे, कारण माझ्या सर्व्हिस बुकातही एक जूनच आहे. केक खाताना सगळे हसतात तेव्हा मीही हसते.

माझी तारीख मात्र गुरुजींनी आपल्या मनानं लिहिली नव्हती. ती गयामावशीनं लिहवून घेतली होती.

जालन्यात लोखंडाच्या भट्ट्यांच्या पाठीला आमची वस्ती. नाव 'मागची लाईन'. वितळवायला ट्रकांनी येणारं भंगार निवडायचं काम आमच्या आयांचं. तांबं एकीकडे, पत्रा एकीकडे, गज एकीकडे. लाइनीतल्या प्रत्येक लेकराच्या पायावर पत्रा लागल्याची खूण सापडते, माझ्या तर दोन्ही पायांवर आहेत. गयामावशी तिथल्या अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका खुर्चीवर बसते, मदतनीस चुलीपाशी. सकाळी गल्लीतून लेकरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची आणि दुपारी पुन्हा ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. एका हाताला चार, दुसऱ्या हाताला चार, आणि त्यांच्या हातांना आणखी, अशी साखळी घेऊन ती चालायची. नवरा कधीचा गेलेला, मूलबाळ नव्हतं. बायका म्हणायच्या, वांझेचा जीव असाच सुटतो दुसऱ्याच्या लेकरांवर. तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या.

आमच्या शेजारची कोमल माझ्याहून वर्षभरानं लहान. जन्म धावड्याचा, आईच्या माहेरचा. माघी गणपतीचा दिवस होता, सगळ्या जीपा राजूरच्या जत्रेला लागलेल्या, बाईला दवाखान्यात न्यायला एकही वाहन मिळालं नाही. म्हणून कोमल घरातच झाली आणि कुठल्याच कागदावर आली नाही. बाप दोन वर्षांत गेला. आई तिला भंगाराच्या आवारात सोबत न्यायची आणि कुठल्या तरी सावलीला झोपवायची. एक दिवस लोखंड उचलणारं मोठं चुंबक ज्या ढिगावर उतरत होतं, त्याच ढिगाच्या पायथ्याशी ही झोपलेली. गयामावशीनं ओरडून क्रेन थांबवली आणि पोरीला काखोटीला मारून थेट अंगणवाडीत आणलं. पण अंगणवाडी दुपारी सुटते. शाळा पाचला सुटते. मावशीनं एवढाच हिशेब केला.

त्या जूनमध्ये ती आम्हा दोघींना घेऊन शाळेत गेली. मला त्यातलं थोडं आठवतं, बाकीचं मावशीनं इतक्यांदा सांगितलेलं की तेही आठवल्यासारखंच झालंय.

"मोठीचं वय?"

"सहा."

"आणि या चिमणीचं?"

"तिचं बी सहाच, साहेब."

हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, हिची अजून चड्डी वर राहीना आणि सहा?"

"खाऊन न्हाई राह्यली साहेब काहीच. म्हून बारकी दिसती. शाळेतली खिचडी खाईन त भरंल बराबर."

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी हसत हसत लिहिलं. मला साडेपाचची सहा केली, कोमलला साडेचारची सहा केली, आणि आणणाऱ्या पालकाच्या जागी गयामावशीनं वाकडीतिकडी सही केली. लाइनीतल्या पुष्कळ पोरी तिनं अशाच वाढवल्या.

पण खोटं नुसतं लिहून भागत नाही, ते पाठ करावं लागतं. शाळेत तपासणीला कोणी आलं आणि लेकरू भलतंच बोललं तर? म्हणून रोज रस्त्यानं जाताना ती आमची उजळणी घ्यायची. ती सुरात विचारायची, "वाढदिवस कधी?" आम्ही पाढे म्हणतात त्या सुरात ओरडायचो, "एक जून!" मग साल. मग पदराच्या गाठीतला गुळाचा खडा ज्याच्या त्याच्या तळहातावर. कोमलला स्वतःचं पूर्ण नाव सांगता यायच्या आधी तारीख सांगता यायला लागली. झोपेतून उठवून विचारलं तरी ती एक जून म्हणायची आणि हात पुढे करायची.

मागच्या महिन्यात कचेरीनं मला जालन्याला एका कार्यशाळेला पाठवलं. शहरातल्या गरीब वस्त्यांमधली किशोरवयीन मुलं, त्यांचं मन, आणि त्यांना आधार देणारी मोठी माणसं, असा काहीसा लांबलचक विषय होता. गार हॉल, पाण्याच्या छोट्या बाटल्या, हजेरीपटावर सही. बोलणाऱ्या मॅडम तरुण होत्या आणि खरंच मनापासून बोलत होत्या. त्या म्हणाल्या, या वयात घराबाहेरचं एक तरी भरवशाचं मोठं माणूस मागे उभं असलं की मूल तरतं. मग त्यांनी डोळे मिटायला सांगितले. "तुमच्या आयुष्यातलं ते माणूस आठवा आणि हात वर करा." हॉलमध्ये भराभर हात वर गेले असावेत, कारण बांगड्यांचा आवाज आला. मी डोळे मिटले होते, पण हात मांडीवरच ठेवला. माझ्या शेजारच्या बाईंना वाटलं असेल, बिचारीला कोणी नव्हतं.

होतं की. भरभक्कम होतं. मॅडम म्हणत होत्या ते खोटं आहे असं मला म्हणायचंच नाही, ते शंभर टक्के खरं आहे.

आमच्या बारावीचा मार्च मला आजही अंगावर जाणवतो. पत्र्याचं घर दुपारी तव्यासारखं तापायचं. मावशीनं अंगणवाडीची खोली दुपारनंतर आम्हाला उघडून दिली. तशी परवानगी नव्हती, पण किल्ली तिच्याकडे असायची. दारावर भिजवलेलं पोतं टांगायची आणि स्वतः उंबऱ्यात केरसुणी घेऊन बसायची. गल्लीतली टगी पोरं दोन घिरट्या घालून गेली की तिसऱ्या घिरटीला केरसुणी उचलायची. आत आम्ही पाच जणी. भिंतीवर अ अननसाचा, आ आईचा, आणि खाली आमची जीवशास्त्राची पुस्तकं. पहाटे ती पत्र्यावर उलथनं वाजवून आम्हाला उठवायची. पाळी आली, तोंड आलं, घरात बाप पिऊन आला, काहीही झालं तरी पोरी आधी तिच्याकडे जायच्या. अभ्यासातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. पेपर कसा गेला हे तिनं कधी विचारलं नाही. परीक्षेच्या केंद्राबाहेर तीन तास उन्हात उभी राहायची, पाण्याची कॅन घेऊन, आणि आम्ही बाहेर आलो की म्हणायची, "प्या आधी. चक्कर न्हाई न आली?"

पहिल्या पेपरला वर्गावरच्या मास्तरांनी आमची प्रवेशपत्रं तपासली. एक पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. "पाचही जणी एकाच दिवशी जन्मल्या काय गं? एकाच आईच्या का?" सगळा वर्ग हसला. कोमल हळूच मला म्हणाली, "व्हय, एकाच आईच्या." ती तशी गंभीर तोंडानं गंमत करायची. मला त्या पेपरला हसूच आवरेना.

कोमल हुशार होती, माझ्याहून हुशार. दोघींनी नर्सिंगचे फॉर्म आणून ठेवले होते. एकाच हॉस्टेलात एकाच खोलीत राहायचं, हेही ठरलं होतं. तिला स्वयंपाक येत नव्हता म्हणून पोळ्या मी करायच्या होत्या आणि भांडी तिनं घासायची होती.

शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात तिचा मामा धावड्याहून आला. जाफराबादकडचं स्थळ होतं. सहा एकर रान, कापूस आणि सोयाबीन, घरची विहीर. मुलगा तिशी ओलांडलेला. चांगल्या घरचा, पण हल्ली शेतकऱ्याला पोरगी देतं कोण? शिकलेल्या पोरींना नोकरीवाला लागतो. मग असे जमीनवाले दोन पायऱ्या खाली उतरतात आणि आमच्यासारख्या वस्त्यांमध्ये येतात. हुंडा नको, मानपान नको, फक्त पोरगी द्या. मामानं शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीतून काढला. त्याच वर्षी वस्तीत आधार कार्डं निघाली होती, तेही काढलं. बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "एक जूनला अठरा पुरे होऊन राह्यले. दोन जूनची तीथ धरू. कायद्यात बराबर बसतं."

गयामावशी कोमलच्या आईकडे गेली. मी दारातच होते.

"अगं लक्ष्मी, ती सोळाची हाय. तुला न्हाई म्हाईत?"

"म्हाईत हाय न. म्याच जन्म देल्ला."

"मंग?"

"मंग काय? तू उंबऱ्यात केरसुणी घेऊन बसती म्हून ती आजवर धड राह्यली. तू किती दिवस बसशीन? म्या सकाळी सातला जाती, दिवे लागल्यावर येती. उद्या तिला कोणी ओढून नेलं त सोळाची म्हून सोडंल का? मी का दुश्मन हाय तिची? तिथं दाराला कडी हाय, बाई. लाकडाचं दार हाय."

मावशी वळली आणि माझ्या शेजारून बाहेर गेली. आमच्या घराला पत्र्याचं दार होतं, आणि कोमलच्या घराला नुसता पडदा.

कोमलनं आपल्या परीनं सगळं केलं. दोन दिवस जेवली नाही. मामाच्या पाया पडली. मग मुकी झाली. मे महिन्याच्या अखेरीस निकाल लागला. मी नेट कॅफेत जाऊन दोघींचा निकाल काढून आणला. तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. ती कागद छातीशी धरून रडली आणि माझ्या गळ्यात पडली. तिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, नर्सिंगला जाणार होते ती मी, आणि तरीही ते अकरा मार्क मला खुपले. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

एक जूनला हळद होती. संध्याकाळी जाफराबादकडची माणसं केक घेऊन आली. होय, केक. मामाचीच शक्कल. वर एकच्या आणि आठच्या आकड्याची मेणबत्ती. हळदीनं पिवळ्या झालेल्या कोमलच्या हातात सुरी दिली, मामानं मोबाइलवर चार फोटो काढले. पुराव्याला असावेत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. लाइनीत तोवर कोणाचा वाढदिवस केक आणून झाला नव्हता. पहिला झाला तो हा.

मेणबत्त्या विझवल्या न विझवल्या तोच गल्लीत गाडी थांबली. दोन साहेब, एक महिला पोलीस, आणि त्यांच्या मागे गयामावशी. तिनं मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला होता. आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं. कोमललासुद्धा नाही. आमच्याकडे भिंती पत्र्याच्या, कुजबुजलं तरी चार घरं ऐकतात. म्हणून ती गप्प राहिली, आणि तिथेच ती चुकली.

मोठे साहेब शांत होते. त्यांनी दाखला पाहिला, आधार पाहिलं, केक पाहिला. मग मामाला बाजूला करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कागदावर आज अठरा पूर्ण आहेत. कागदावर असेल तर मला काही करता येत नाही. पण मुलगी स्वतः म्हणाली की तारीख चुकीची आहे, किंवा माहीतगार कोणी तसं सांगितलं, तर मी लग्न आत्ता थांबवतो. उद्या वैद्यकीय तपासणी करून वय काढता येतं." आणि कोमलकडे वळून त्यांनी विचारलं, "बाळ, तुझी खरी जन्मतारीख सांग."

इतकं सोपं होतं. माघ म्हणायचं. राजूरची जत्रा म्हणायचं. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

कोमलची मान खाली. डोळे जमिनीला. गालावर हळद, तिच्यावरून घाम. मामा तिच्याकडे टक लावून बघत होता. मागे उभ्या गयामावशीला राहवलं नाही. ती पुढे आली, आणि घाबरलेल्या लेकराला धीर द्यायला तिच्याकडे जो एकच आवाज होता, तोच तिनं काढला.

"सांग माय, सांग. भिऊ नको. वाढदिवस कधी?"

आणि कोमलनं मान वर करून, पाढ्याच्या सुरात, साडेचार वर्षांच्या पोरीसारखं म्हटलं, "एक जून." पुढे सालही म्हटलं. तिचा उजवा हात थोडासा पुढे आलेला मी पाहिला. तळहात वर होता.

मांडवातलं कोणी तरी हसलं.

गयामावशी किंचाळली, "न्हाई साहेब, न्हाई! ते म्या शिकिवलेलं हाय तिला! खोटं हाय ते, बिलकुल खोटं! म्याच लिवून घेतल्तं!"

"बाई, शाळेच्या नोंदीवर सही तुमची. तारीख तुम्ही दिली. आता खोटी म्हणता तीही तुम्हीच. मी कोणतं खरं धरू? दुसरा काही पुरावा?"

अंगणवाडीची वजनाची जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती. मावशीनं आजूबाजूला पाहिलं आणि तिचा हात माझ्याकडे आला. "ही सांगंल. दोघींला एकाच दिशी शाळंत नेल्तं म्या. ही तिच्याहून मोठी हाय. सांग सविता. साहेबाला खरं सांग."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कोमलनंही पाहिलं. एव्हाना ती भानावर आली होती. आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं होतं, आणि तिचं तोंड उघडत होतं, हे मी शपथेवर सांगते. मी आधी बोलले असते तर ती माझ्या पाठोपाठ बोलली असती. माझ्या डोक्यात त्या वेळी शाळेच्या रजिस्टरचं पान होतं. एकाखाली एक दोन नावं, पहिलं माझं. तिची तारीख खोटी निघाली तर माझीही उकरतील. चौकशी लागेल. नर्सिंगचा फॉर्म अडकेल. आई माझ्या मागे उभी होती आणि तिची बोटं माझ्या दंडात रुतत होती. हे सगळं खरं आहे, आणि सांगताना मी नेहमी एवढ्यावरच थांबते. पण ते अकरा मार्कही तिथेच होते. त्या क्षणी भीती किती होती आणि ते अकरा मार्क किती, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

"एक जूनच आहे, साहेब," मी म्हणाले.

कोमलचं तोंड मिटलं. साहेबांनी पंचनाम्यावर सह्या घेतल्या, माझीही घेतली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, कायद्यात बराबर बसवून.

तिसऱ्या दिवशी गयामावशी आमच्या दारात आली. मी तोंड लपवायला आत वळले. ती मागोमाग आत आली, रागावली नाही. पदराची गाठ सोडून गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "बराबर उत्तर देल्लंस माय," म्हणाली आणि निघून गेली. टोमणा मारणं तिला येत नव्हतं, जन्मात कधी मारला नव्हता. म्हणून ते काय होतं हे मला कळलेलं नाही. तो गूळ मी खाल्ला नाही आणि फेकलाही नाही. मुंग्यांनी नेला.

वस्तीनं तिला सोडलं नाही. पोलीस आणणारी बाई, असं तिचं नाव पडलं. हिनंच तारखा फिरवल्या आणि हिनंच साहेबांना घरात घातलं, मग लेकरं हिच्या हाती कशाला द्यायची? आया स्वतः लेकरं अंगणवाडीत सोडायला लागल्या, नाहीतर सोडेनाशा झाल्या. सकाळी ती सवयीनं गल्लीतून फिरायची, दोन्ही हात बाजूला थोडे लांब धरलेले, रिकामे. दुपारची खोली बंद झाली, कोणीतरी किल्लीची तक्रार केली होती. पुढच्या मार्चमध्ये आमच्या लाइनीतून बारावीला एकही पोरगी बसली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एक बाई उंबऱ्यातून उठली आणि तिच्या मागची खोली रिकामी झाली. मॅडमना मी हे सांगायला हवं होतं. एका माणसाच्या आधारानं मूल तरतं हे तुमचं खरंच आहे, पण त्या माणसाला आधार कोणाचा, हे तुमच्या तक्त्यावर कुठे होतं? मी सांगितलं नाही. समोसा खाऊन बस धरली.

गयामावशीचीही नोंद एक जूनचीच होती. नोकरीला लागताना वय जास्त दाखवलेलं, म्हणून वेळेआधीच निवृत्त झाली. वारली तेव्हा मी खात्याच्या प्रशिक्षणाला होते. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती.

नर्सिंगला मी गेलेच नाही. यादीत नाव लागलं नाही, थोड्या मार्कांनी हुकलं. कोमलच्या मार्कांना लागलं असतं. मग परीक्षा देत देत मी या खुर्चीवर आले. माझी खोटी तारीख कोणी उकरली नाही. कोमलबद्दल ऐकू यायचं ते आईकडून, तुटक तुटक. सासर खाऊनपिऊन बरं आहे. दाराला कडी आहे. पहिलं बाळंतपण सतराव्या वर्षी, बाळ हाती लागलं नाही. दवाखान्यात वय एकोणीस लिहिलं होतं, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही.

परवा रांगेत मान वर न करता मी नाव विचारलं आणि ऐकलं, आणि बोटं थांबली. खिडकीच्या जाळीपलीकडे कोमल होती. मी एकोणतिशीची कोमल शोधत होते, समोर चाळिशीची बाई उभी होती. शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, डोळे थेट माझ्यावर. निवासी शाळेत घालायची म्हणून दाखला हवा होता.

तिनं मला ओळखलं होतं. आधीपासून ओळखत असावी, रांगेत तास-दीड तास उभी होती. मी "कोमल" म्हटलं नाही. मागे पंधरा माणसं होती, म्हणून नेहमीचं विचारलं, "मुलीची जन्मतारीख?"

तिनं पिशवीतून लॅमिनेट केलेला जन्माचा दाखला काढला आणि जाळीखालून सरकवला. एकोणीस ऑक्टोबर. दवाखान्याचा शिक्का, वजन, वेळसुद्धा. "खरी हाय," ती म्हणाली. "पाठ न्हाई करून घेतली तिच्याकून."

मी टाइप केलं. पुढचा रकाना अर्जदार पालकाचा होता. तो सोडता येत नाही, सोडला तर संगणक पुढे जात नाही. मी पडद्याकडे बघत विचारलं, "आणि तुमची?"

विचारून झाल्यावर मला मान वर करावीच लागली. ती रागावलेली नव्हती. कोणी साधं काही विसरलं तर आठवण करून द्यावी तसं ती म्हणाली,

"मला काय इचारती? तूच त सांगितल्ती साहेबाला."

मुलीनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "जल्दी करा हो म्याडम."

मी शून्य एक, शून्य सहा टाइप केलं आणि अर्ज पुढे सरकवला.